पहिली मूठ

वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि आत्तींनी ताट हातभर पुढं सारलं.

"ह्यात कूट न्हाई."

"नाही घातलं."

"का? दाणं संपलं?"

"संपले नाहीत. बंद केलेत. केतकीसाठी."

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या मुलाकडं. सुजित मान खाली घालून जेवत होते. बायको आणि आई यांच्यामध्ये वांगं आलं की माणसानं भाकरीकडं बघावं, एवढं त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

"दूध बंद, मैदा बंद, गोळ्या-बिस्किटं बंद," आत्ती बोटांवर मोजत म्हणाल्या. "आता दाणं. कराडात ऱ्हाऊन दाणं बंद! उद्या म्हणशील, पाणी बंद."

"आत्ती, एकेक काढून बघायचं असतं. त्याशिवाय कळत नाही."

"कळायचं काय त्यात? जंत झाल्यात पोरीला. वावडिंग दे म्हणून कवाधरनं सांगतीय."

केतकी समोर बसली होती. तेव्हा ती दुसरीत होती. आता ती माझ्या खांद्याला लागते. तिनं भाकरीचा तुकडा मोडला. डोळे घट्ट मिटले, उघडले, परत मिटले. उजवा खांदा कानाला टेकेल इतका वर उडाला आणि घशातनं एक बारीक 'हुं' आला. माझा घास हातातच राहिला.

"मम्मी, बघू नको ना."

"मी कुठं बघतीय? जेव तू."

पण बघतच होते मी. ते उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सुरू झालं होतं. आधी नुसते डोळे. आम्हाला वाटलं, चष्मा लागला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर एकदम चांगली आहे. मग खांदा सुरू झाला. मग हा 'हुं'. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "मिसेस कणसे, तुमची मुलगी मुद्दाम करते. वर्ग हसतो, तिला मजा वाटते." मजा! घरी येऊन उशीत तोंड खुपसून झोपलेली पोर मी रोज बघत होते.

मुलांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, तिच्याशी मांजराबद्दल बोलले, एक कविता म्हणायला लावली. मग मला म्हणाले, "टिक्स म्हणतात याला. बऱ्याच मुलांना होतात. येतात, जातात. तिच्या हातात नसतं ते, तेव्हा रागवू नका. आणि फार लक्ष देऊ नका."

बाहेर येताच मी सुजितना म्हटलं, "ऐकलंत? लक्ष देऊ नका म्हणे! आईनं लक्ष द्यायचं नाही तर कुणी द्यायचं? रस्त्यावरच्या माणसानं?"

"अगं, ते डॉक्टर आहेत."

"म्हणून काय झालं? कशानं होतं ते सांगितलं का त्यांनी? नाही ना? मग मी शोधते."

मी ब्लाउज शिवते. तेव्हाही शिवायचे. बाहेरच्या खोलीत माझी मशीन, खिडकीपाशी. आमच्या कामात एक गोष्ट पक्की असते. अंगावर घातल्यावर ब्लाउजला कुठं चुणी पडली, तर ती कापडानं मनानं पडलेली नसते. कुठली तरी शिलाई ओढत असते. मग बाही उसवायची, घालून बघायचं. नाही गेली, बगल उसवायची. एकेक शिलाई काढत गेलं की ओढ कुठून आहे ते सापडतंच. आजवर मला सापडलं नाही असं झालेलं नव्हतं. केतकीचंही मी तसंच धरलं.

मोबाईलवर आयांचा एक ग्रुप होता, त्यात शिरले. पुण्याच्या एकीच्या मुलाचं गहू बंद केल्यावर थांबलं होतं. नागपूरच्या एकीच्या मुलाचं लाल रंगाच्या गोळ्यांनी वाढायचं. एक म्हणायची दूध, दुसरी म्हणायची पंख्याखालची झोप, तिसरी म्हणायची ट्यूबलाइट. मी सगळंच घेतलं. ट्यूब काढून पिवळे दिवे लावले. टीव्हीवर चादर घातली. आत्तींची उदबत्ती बंद केली, त्या दिवशी त्या देवाला मोठ्यानं म्हणाल्या, "आता वासाबिगर भागव बाबा, सूनबाईचा हुकूम हाय." सुजितचं शेतीच्या औषधांचं दुकान. त्यांना मी मागच्या नळावर कपडे बदलायला लावून मगच घरात घ्यायला लागले.

एकदा पावसात तसेच उभे राहून ते शर्ट काढत होते. मी आतून टॉवेल पुढं केला.

"दीपा, आणखी काय राहिलंय गं?" त्यांनी विचारलं.

"मिळेपर्यंत शोधायचं."

"मग तुझ्या मशीनचा आवाज राहिला की. ती पण बंद करून बघ."

मी टॉवेल त्यांच्या अंगावर फेकला. दसऱ्याचे ब्लाउज गळ्यापर्यंत आले होते. मशीन कशी बंद करणार? आणि मनात एकदम भीती वाटली, की खरंच आवाजानं होत असेल तर? दोन दिवस मी केतकी शाळेत असतानाच शिवलं. संध्याकाळी हातशिलाई केली. काही फरक नाही. खांदा उडतच होता. मग परत मशीनवर बसले.

असं करत करत दाण्यांवर आले होते. कुटाशिवाय आमचा स्वयंपाक म्हणजे काय, ते ज्याला माहीत आहे त्याला माझी जिद्द कळेल. कुटाची बरणी मी वरच्या फळीवर नेऊन ठेवली, दुधाच्या पावडरीच्या आणि शेवयांच्या शेजारी. ती फळी आता भरत आली होती आणि खालची रिकामी.

त्याच आठवड्यात हादगा बसला.

आमच्या गल्लीत हादगा अजून होतो. पाटावर हत्ती काढायचा, मध्ये ठेवायचा आणि मुलींनी हातात हात धरून त्याच्याभोवती फेर धरायचा. रोज एका घरी. रोज एक गाणं वाढतं. शेवटी त्या घरची खिरापत. पण ती सरळ वाटत नाहीत, आधी ओळखायची. झाकलेला डबा हलवून दाखवतात आणि मुली ओरडतात, गोड का तिखट, तळलेलं का भाजलेलं.

केतकीनं परकर-पोलका घातला आणि दारातच उभी राहिली. मी तिच्या हातात एक छोटा डबा दिला.

"खिरापत तिथं खायची नाही. तुझा वाटा यात घालून घरी आणायचा. मी बघून सांगते."

"सगळ्या तिथंच खातात, मम्मी."

"सगळ्यांना होतं का तुझ्यासारखं?"

बोलून गेले. तिनं डबा घेतला. खांदा उडाला. आत्तींनी चपला घातल्या आणि तिचं बोट धरलं. मला जायचं होतं, पण मशीनवर अकरा नंबरच्या घरातल्या देसाई वहिनींची काठाची बाही अर्धवट होती आणि त्या दोनदा येऊन गेल्या होत्या. सगळा हादगा असाच गेला. ती आत्तींबरोबर जायची, मी मशीनवर.

डबा मात्र रोज नीट यायचा. भडंग, म्हणजे दाणे घातलेले तिखट चुरमुरे, आली की सुजितना. बुंदी आली की आत्तींना. केतकी डबा माझ्यापुढं ठेवायची, झाकण उघडायची आणि हात मागं बांधून उभी राहायची. किती गुणाची पोर, असं वाटून मला भरून यायचं. तिच्यासाठी मी खजुराचा लाडू ठेवलेला असायचा. तो ती मुकाट्यानं खायची.

आणि मग 'हुं' कमी झाला.

आधी मला विश्वास बसेना. संध्याकाळी हादग्याहून आली की ती गुणगुणतच असायची, जेवतानाही गुणगुणायची, आणि त्यात ते घशातलं कुठंतरी विरून जायचं. मग खांदाही थंडावला. सकाळी शाळेला जाताना वेणी घालताना तिचे दोन्ही खांदे माझ्या हाताखाली असायचे, शांत, पाखरासारखे.

"दाणे!" मी सुजितना म्हटलं. "दाणेच होते. सापडलं!"

"खरंच?" त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्यावरचा सगळा राग विसरायला झाला. "मग मी आता घरात कपडे बदलू?"

"जरा थांबा. दसरा होऊ दे."

ग्रुपवर मी लिहिलं. बायकांनी हात जोडले, फुलं पाठवली, दाणे कसे बंद केले ते विचारलं. माहेरी आईला फोन केला. आत्तींना म्हटलं, "बघा आत्ती, जंत नव्हते." त्या शेंगा निवडत होत्या, म्हणजे पावटा. "बरं हाय," एवढंच म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. मला वाटलं, हरल्या.

मग आमच्या घरची पाळी आली.

मी ठरवलंच होतं, अशी खिरापत करायची की कुणाला ओळखता येऊ नये आणि केतकीलाही सगळ्यांबरोबर खाता यावी. नाचणीच्या पिठात गूळ घालून तव्यावर भाजलेल्या पापड्या. ना दाणे, ना मैदा, ना तळण. सबंध सकाळ त्यातच गेली. अर्ध्या मोडल्या, काही करपल्या. उरलेल्या डब्यात भरल्या आणि वर फडकं बांधलं.

बाहेरच्या खोलीतच फेर धरला. मशीन भिंतीला सारली आणि मी तिच्या स्टुलावर बसले. इतक्या दिवसांत मी केतकीला हादगा खेळताना पहिल्यांदा बघत होते. एका हातात जुई, समोरच्या घरातली पाचवीतली मुलगी. दुसऱ्या हातात कुणी बारकी. केतकीचा आवाज सगळ्यांत वर. वेण्या उडताहेत, गाल लाल झालेत. मी डोळे भरून बघत राहिले.

फेर फिरला आणि तिचं तोंड माझ्याकडं आलं. तिनं मला बघताना बघितलं. डोळे घट्ट मिटले. खांदा उडाला. पुढच्या फेरीला परत.

सकाळपासून हिनं काय खाल्लं? भाकरी, दुधी, गूळ. गूळ? गुळात काही असेल? शाळेत कुणी काही दिलं का?

"काकू, खिरापत!" मुली ओरडल्या.

मी डबा हलवला.

"गोड का तिखट?"

"गोड."

"तळलेलं?"

"नाही."

"लाडू! वडी! शिरा! केक!"

"नाही, नाही, नाही."

"कुरकुरीत वाजतंय. बिस्किट?"

"आमच्याकडं बिस्किट नसतं," मी म्हटलं.

"जाऊ दे गं," जुई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आज केतकीचंच घर आहे, तिला बोलता येत नाही. नाहीतर तिनं कधीच ओळखलं असतं."

"ही डबा पण हलवू देत नाही," दुसरी म्हणाली. "नुसता वास घेते. पोलिसांचं कुत्रं आहे काकू, तुमची केतकी!"

सगळ्या खदाखदा हसल्या. मलाही हसू आलं. "हिला कसं ओळखता येतं? ही तर खातच नाही."

"खात नाही?" जुईनं डोळे मोठे केले. "रोज पहिली मूठ हिचीच असते!"

"कसली मूठ?"

"जी ओळखेल तिला पहिली मूठ. वाटायच्या आधी. तिथंच खायची, सगळ्यांच्या समोर. काल दाण्याचे लाडू, परवा भडंग. त्याच्या आधी देसाईंच्याकडं ती लाल बुंदी. मूठ केवढी भरली होती हिनं, बुंदी सांडत होती!"

केतकी पाटावरच्या हत्तीकडं बघत होती.

मी फडकं सोडलं, पापड्या वाटल्या. मुलींनी थँक्यू म्हटलं. एका बारकीनं चावा घेतला आणि उरलेली पापडी हळूच बहिणीच्या हातात सरकवली. त्या गेल्यावर मी दार लावलं.

"केतकी, इकडं ये."

ती आली.

"खोटं बोललीस माझ्याशी?"

"नाही बोलले."

"मी काय सांगितलं होतं?"

"वाटा डब्यात घालून घरी आणायचा. मी रोज आणला." ती हात मागं बांधून उभी होती. "मूठ वाट्यात नसते, मम्मी. ती ओळखल्याची असते."

राग कशाचा होता ते नीट कळत नव्हतं. दाण्यांचा, ग्रुपवरच्या त्या फुलांचा, आईला केलेल्या फोनचा. मी आत्तींकडं वळले.

"तुम्ही तर तिथंच असायचा. तुम्हाला माहीत होतं?"

"व्हतं की."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही? मी इथं जीव टाकून एकेक गोष्ट बंद करतीय, आणि तुम्ही..."

"काय सांगू?" आत्तींचा आवाजही चढला. "पोरगी हसत हुती, दीपा! किती महिन्यांनी हसत हुती. तुला सांगितलं असतं तर तू हादगाबी फळीवर टाकला असतास."

मी स्टुलावर बसले. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं आणि कुणाला न विचारता विचारलं, "मग कमी कशानं झालं होतं? सगळं खात होती, तर कमी कशानं झालं?"

"तिथं कमी नाही झालं," केतकी म्हणाली. "तिथं पण येतं. कधी कधी."

"मग?"

"तिथं कुणी थांबत नाही." ती जवळ आली, माझ्या मशीनच्या चाकावरून बोट फिरवायला लागली. "मला आलं तरी जुई हात ओढते आणि फेर चालूच असतो. गाणं चालूच असतं. मग ते जातं. घरी सगळे थांबतात. पप्पा बोलायचे थांबतात. तू जेवायची थांबतेस. तुझी मशीन पण थांबते. मी आत अभ्यास करत असले ना, आणि 'हुं' आलं की लगेच मशीन थांबते. मग मला कळतं तू ऐकतीयस. मग मी दाबून धरते. खूप दाबून धरते. मग ते जास्तच येतं."

केतकीचा खांदा उडाला. आम्ही तिघंही, सुजित मागच्या दारात अर्धा शर्ट काढून उभे होते तेही, थांबलो होतो.

तिनं आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं. "बघा," ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी हादग्यात बायकाही फेर धरतात. देसाई वहिनींच्या दुसऱ्या ब्लाउजची बाही जोडायची राहिली होती. मशीन तशीच टाकून मी गेले. केतकीनं माझा हात धरला, घट्ट, घामेजलेला. सगळी गाणी म्हणायची होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला अर्धी आठवत नव्हती. ती आठवण करून द्यायला हात दाबायची. मध्येच कुठंतरी माझ्या हाताला हिसका बसला. तो मी ओळखला. तिचा खांदा होता. माझी मान तिच्याकडं वळायला निघालीच होती. समोर पाटावर हत्ती होता, सोंडेला झेंडूचं फूल लावलेलं. मी त्या फुलाकडं बघितलं आणि गाणं म्हटलं. चुकीचं म्हटलं बहुतेक, कारण केतकी हसली. आणखी एक हिसका बसला, तो आमच्या पायांबरोबर पुढं निघून गेला.

खिरापतीचा डबा आला तेव्हा तिनं नाक वर केलं, डोळे मिटले, आणि कानात मला सांगितलं, "भडंग. लसूण जास्त आहे. तू ओरड."

"भडंग!" मी ओरडले.

मूठ मला मिळाली. अर्धी मी तिच्या हातावर घातली. दाणे वेचून तिनं आधी खाल्ले.

नंतर ते गेलं का, असं मला अजूनही बायका विचारतात. गेलं, आलं, परत गेलं. यंदा परीक्षेच्या आधी डोळ्यांना आलं होतं. कशानं येतं ते मला आजही माहीत नाही, आणि ते माहीत नसण्याचा त्रास अजून होतो. कुटाची बरणी हादगा संपल्यावर दुसऱ्या दिवशी आत्तींनीच खाली काढली.

पण त्या शेवटच्या दिवशी हादग्याहून आल्यावर मी दिवा लावून मशीनवर बसले. देसाई वहिनींची बाही पुढ्यात होती. केतकी आतल्या खोलीत पाढे म्हणत होती. पाढ्याच्या मध्येच आवाज आला.

हुं.

माझा पाय मशीनच्या पेडलवर होता. तो आपोआप थांबायला लागला होता. मी जोर देऊन त्याला खाली दाबलं. सुई पुढं गेली. आतून परत आलं, मी परत दाबलं. मशीन धडधडत राहिली आणि आत बारा चोक अठ्ठेचाळीस, बारा पंचे साठ चालू राहिलं.

दिव्याखाली धरून बघितलं तर शिलाई एका जागी वाकडी गेली होती. मी ती उसवली नाही.